डायोड-ट्रान्झिस्टर सिरीजला लावले की रिव्हर्स व्होल्टेजची बेरीज होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपेरिंगच्या टेबलावर आणि डिप्लोमाच्या पोरांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बेरीज होते का? होते, पण आपण कागदावर करतो तशी आपोआप होत नाही, आणि होत नाही तेव्हा गंमत अशी की त्यातला सगळ्यात चांगला डायोड आधी अडचणीत येतो. इथून पुढे बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

रिव्हर्स व्होल्टेज रेटिंग म्हणजे नक्की काय? त्याच्यावर गेलं की डायोड लगेच उडतो का?

डायोड उलटा लावला की तो करंट अडवतो, आणि किती व्होल्टपर्यंत अडवेल याची कंपनीने दिलेली हमी म्हणजे हे रेटिंग. १एन४००१ ला ५० व्होल्ट, ४००२ ला १००, मग २००, ४००, ६००, ८०० आणि १एन४००७ ला १०००. ही हमी आहे, खरी मर्यादा नाही, खरी बहुतेक वेळा थोडी वरच असते म्हणून तर बऱ्याच जणांचं चुकीचं सर्किटसुद्धा वर्षानुवर्षं चालतं आणि ते "काही होत नाही हो" म्हणतात.

मर्यादा ओलांडली की डायोड ब्रेकडाउनमध्ये जातो, म्हणजे उलट्या बाजूने करंट सोडायला लागतो. नुसत्या ब्रेकडाउनने तो मरत नाही, मरतो तो उष्णतेने. १००० व्होल्टवर फक्त १ मिलिअँप गेला तरी १ वॅट झाला, आणि साध्या डायोडमध्ये हा १ वॅट अख्ख्या जंक्शनवर न पसरता कडेच्या एखाद्या बारीक ठिकाणी जमतो. तिथे भोक पडलं की डायोड शॉर्ट. त्यामुळे "किती व्होल्ट" एवढंच विचारू नका, त्या वेळी करंट किती जाणार हेही विचारा.

घरच्या २३० व्होल्टवर किती रेटिंगचा डायोड लावायचा?

२३० हा आरएमएस (एसीची सरासरी धरायची एक पद्धत) आकडा आहे, पीक म्हणजे सगळ्यात वरचं टोक ३२५ व्होल्ट. लाईन वर गेली, २५३ झाली, की पीक ३५८ च्या आसपास. चार डायोडचा ब्रिज असेल तर प्रत्येक डायोडवर साधारण हेच पीक येतं. पण एकच डायोड आणि पुढे कपॅसिटर असं हाफ वेव्ह असेल तर कपॅसिटर ३२५ वर भरून बसलेला असतो आणि उलट्या अर्ध्या सायकलमध्ये लाईन उणे ३२५ ला जाते, म्हणजे डायोडवर ६५० व्होल्ट! इथे ६०० वाला १एन४००५ लावून फसलेले लोक बघितलेत. सेंटर टॅपचंही तसंच, १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक डायोडला १७ नाही तर ३४ व्होल्ट सोसावे लागतात. आणि लाईनवर मोटारी, मिक्सर, वीज कडाडणं यांचे स्पाइक येतात ते वेगळेच. १एन४००७ रुपया-दोन रुपयाला मिळतो, तिथे ४००४ लावून काय वाचवणार.

दोन १एन४००७ सिरीजला लावले तर २००० व्होल्ट झाले ना?

कागदावर झाले. आता खरं बघू. दोन्ही उलटे असताना दोघांतून एकच करंट जातो, लीकेज, म्हणजे उलट्या दिशेने गळणारा बारीकसा करंट, दुसरा रस्ताच नाही. पण दोघांचं लीकेज सारखं नसतं. डेटाशीटमध्ये जास्तीत जास्त ५ मायक्रोअँप लिहिलेलं असतं २५ डिग्रीला, आणि १०० डिग्रीला ५०. "जास्तीत जास्त" हं, प्रत्यक्षात एखाद्याचं त्याच्या शंभराव्या भागाइतकंही असू शकतं.

एकाच पाइपवर दोन कॉक आहेत असं समजा, एक थोडा गळका आणि एक घट्ट. दोन्ही बंद केले की सगळं प्रेशर घट्ट कॉकवर येणार, गळका नुसता मधे उभा. तसंच इथे. ढोबळमानाने समजा एक डायोड १०० मेगओहमसारखा वागतोय आणि दुसरा ३०० मेगओहमसारखा, आणि वरून आले १६०० व्होल्ट, तर पहिल्यावर ४०० आणि दुसऱ्यावर १२००. १६०० हे २००० पेक्षा कमी आहे म्हणून आपण निवांत, आणि इकडे चांगला डायोड मर्यादेच्या बाहेर.

करंट रेटिंगची मात्र बेरीज होत नाही, ते १ अँपच राहतं. आणि सरळ दिशेचा ड्रॉप, म्हणजे डायोडवर खर्च होणारं व्होल्टेज, वाढतो, फुल लोडला प्रत्येकी १ व्होल्टच्या आसपास धरा.

म्हणजे बॅलन्सिंग रेझिस्टर (व्होल्टेज सारखं वाटायला प्रत्येक डायोडला समांतर लावतात तो) नसेल तर डायोड उडणारच?

इथे मी जुन्या लोकांपेक्षा थोडं वेगळं सांगतो. त्या १२०० व्होल्ट आलेल्या डायोडचं काय होईल? तो ब्रेकडाउनच्या तोंडाशी जाईल, पण त्याच्यातून जाणारा करंट कोण ठरवतंय, तर सोबतचा दुसरा डायोड, आणि तो सोडणार जास्तीत जास्त ५ मायक्रोअँप. म्हणजे साधारण ५-६ मिलिवॅट. एवढ्याने काही मरत नाही. म्हणून ५० हर्ट्झवर, एकाच रिळातले डायोड, आणि बेरजेत चांगली वाढीव जागा ठेवली असेल तर नुसते सिरीजला लावलेले १एन४००७ गपचूप चालतात. जुन्या काळच्या डायोडची लीकेज प्रचंड आणि एकमेकांशी न जुळणारी असायची, तेव्हा रेझिस्टरशिवाय गत्यंतर नव्हतं. उलट आता कधीकधी लावलेला हलका रेझिस्टरच आधी ओपन होतो किंवा वरून स्पार्क मारतो.

पण डायोड गरम होणार असतील, वेगवेगळ्या लॉटचे असतील, किंवा बेरीज काठोकाठ असेल तर रेझिस्टर लावाच. दर १० डिग्रीला लीकेज साधारण दुप्पट होतं, त्यामुळे हीटसिंकच्या एका टोकाला एक आणि पंख्यासमोर दुसरा असं बसवलं की तुम्हीच असमतोल तयार केलात.

बरं, लावायचाच तर रेझिस्टर किती ओहमचा?

हिशोब सोपा आहे. डायोडची संख्या गुणिले एकाचं रेटिंग, त्यातून प्रत्यक्ष येणारं पीक व्होल्टेज वजा करा. जे उरलं त्याला (संख्या वजा एक) गुणिले लीकेजमधला जास्तीत जास्त फरक याने भागा. येणारं उत्तर ही वरची मर्यादा, रेझिस्टर याच्या खालचा हवा.

उदाहरण घेऊ. तीन १एन४००७, रिव्हर्स पीक २४०० व्होल्ट. ३००० वजा २४०० म्हणजे ६०० उरले. फरक सगळ्यात वाईट धरा, गरम असताना ५० मायक्रोअँप, दोनदा म्हणजे १००. ६०० भागिले १०० मायक्रोअँप, ६ मेगओहम. म्हणजे प्रत्येक डायोडवर १ मेगओहम लावला तर भरपूर झालं.

आता यातली गोम. प्रत्येक रेझिस्टरवर ८०० व्होल्ट येणार, आणि साध्या पाव वॅट कार्बन फिल्म रेझिस्टरचं स्वतःचं व्होल्टेज रेटिंग साधारण २५० असतं, वॅट पुरेसे असले तरीही! हे कोणी बघतच नाही. म्हणून एका १ मेगओहमच्या जागी २७० के (किलोओहम) चे चार सिरीजला लावा, प्रत्येकी २०० व्होल्ट, आणि कायम डीसी धरलं तरी ०.१५ वॅट, आरामात बसतं.

मग कपॅसिटर कशाला लावतात? तो पण हवाच का?

माझ्या मते खरा खूनी इथे लपलाय. डायोड सरळ दिशेने चालू असतो तेव्हा आत चार्ज भरलेला असतो. व्होल्टेज उलटं झालं तरी तो चार्ज रिकामा होईपर्यंत डायोड बंद होत नाही, थोडा वेळ उलटा करंट बिनधास्त सोडतो. याला रिव्हर्स रिकव्हरी म्हणतात, १एन४००७ मध्ये हा वेळ काही मायक्रोसेकंदांचा. आता तीन डायोड सिरीजला आहेत आणि तिघांचा चार्ज थोडा थोडा वेगळा. ज्याचा आधी संपला, म्हणजे जो सगळ्यात चपळ, तो आधी बंद होतो आणि बाकीचे दोघं अजून उघडेच, की सगळं व्होल्टेज त्या एकट्यावर. आणि या वेळी करंट मायक्रोअँपचा नसतो, बाकीच्यांचा रिकव्हरी करंट त्याच्यातून ढकलला जातो. १ मेगओहमच्या रेझिस्टरला हे कळायच्या आत सगळं झालेलं असतं.

कपॅसिटर तो जास्तीचा चार्ज गिळतो. हिशोब वरच्यासारखाच, फक्त लीकेजच्या फरकाऐवजी चार्जचा फरक आणि भागाकार उलटा: (संख्या वजा एक) गुणिले चार्जमधला फरक, भागिले उरलेले व्होल्ट. वरच्या उदाहरणात समजा फरक १ मायक्रोकूलोम, तर २ मायक्रोकूलोम भागिले ६००, म्हणजे ३.३ नॅनोफॅरड. हौशी रेडिओवाले पूर्वीपासून प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावत आलेत, तो उगाच नाही. कपॅसिटरचं रेटिंग डायोडपेक्षा जास्त हवं, इथे २ किलोव्होल्टचा घ्या. थायरिस्टर (ट्रिगर दिल्यावरच चालू होणारा डायोडसारखा भाग) असेल तर कपॅसिटरसोबत एक रेझिस्टर सिरीजला हवाच, नाहीतर ट्रिगर होताक्षणी कपॅसिटर त्याच्यातच सगळा रिकामा होतो.

आणि एसएमपीएसमध्ये (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) १एन४००७ चार लावा नाहीतर दहा लावा, तो तिथला डायोडच नाही. ५० किलोहर्ट्झला अख्खं सायकल २० मायक्रोसेकंदांचं, त्यात हे महाशय बंद होणार कधी. तिथे यूएफ४००७ वापरा, तेच १००० व्होल्ट पण रिकव्हरी ७५ नॅनोसेकंद.

वेगवेगळ्या नंबरचे डायोड सिरीजला लावले तर चालतात का?

१एन४००७ आणि १एन४००१ लावून १०५० म्हणू नका. ५० वाल्याचं लीकेज कमी निघालं तर आधी तो ब्रेकडाउनला जाणार, मग उरलेलं ४००७ वर. स्थिर असताना कदाचित काही होणार नाही, पण त्यातून मिळवलं काय? अडीअडचणीला करायचंच तर सगळ्यात लहान रेटिंग गुणिले संख्या एवढंच धरा.

याला एक सन्माननीय अपवाद म्हणजे अव्हलांश डायोड, उदाहरणार्थ १एन५०६२ किंवा बीवायडब्ल्यू५६. हे ब्रेकडाउन अख्ख्या जंक्शनवर पसरवतात आणि ठराविक एनर्जी पचवतात, म्हणून सिरीजला बिनरेझिस्टरचे लावता येतात. बेरीज खऱ्या अर्थाने यांचीच होते.

मी मीटरने प्रत्येक डायोडवरचं रिव्हर्स व्होल्टेज मोजलं, बेरीज जुळतच नाही. मीटर खराब आहे का?

मीटर बरोबर आहे, मोजणं चुकलं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम. ३०० व्होल्टला तो ३० मायक्रोअँप खातो, आणि तुमचा डायोड त्याच्या कितीतरी कमी लीकेजवर बसलाय. म्हणजे ज्या डायोडला प्रोब लावाल तोच "गळका" होतो आणि व्होल्टेज शेजाऱ्यावर ढकलतो. प्रत्येकावर कमी दिसणार, बेरीज कशी जुळेल. बॅलन्सिंग रेझिस्टर लावलेले असतील तर फरक कमी होतो. आणि मीटरवर ६०० किंवा १००० लिहिलंय ते वाचा आधी, २००० व्होल्टच्या साखळीत तो हातात धरून उभं राहू नका.

लीकेजची तुलनाच करायची असेल तर डायोड सर्किटबाहेर काढून मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या हाय व्होल्टेज मीटरवर) उलटे लावून बघा, १००० व्होल्टच्या रेंजवर. जो बाकीच्यांपेक्षा खूपच कमी मेगओहम दाखवेल तो बाजूला काढा.

२३० व्होल्टवर इंडिकेटर एलईडी लावलाय, सिरीजला १एन४००७ आहे. तरी एलईडी मंद होत का गेला?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, गणपतीच्या मखरामागे लावलेली माळ पाचव्या दिवशी अर्धी मेली होती.

एलईडीचं रिव्हर्स रेटिंग बहुतेक वेळा फक्त ५ व्होल्ट असतं. आपण म्हणतो, सोबत १००० व्होल्टचा डायोड आहे ना, तो अडवेल. पण कोण अडवेल हे रेटिंगवर ठरत नाही, लीकेजवर ठरतं! एलईडीचं लीकेज डायोडपेक्षा कमी निघालं तर व्होल्टेज आधी एलईडीवर येतं, तो ५ च्या बरंच पुढे जाऊन ब्रेकडाउनला पोचतो आणि मगच डायोडची पाळी. करंट इवलासा म्हणून लगेच मरत नाही, पण लाईनवर स्पाइक आला की आणि रोज सेकंदाला ५० वेळा असं झालं की काय होतं ते तुम्ही बघितलंच.

दोन उपाय. एक म्हणजे एलईडीवर उलटा १एन४१४८ (छोटा डायोड) समांतर लावा, मग एलईडीला उलटे ०.७ व्होल्टच दिसतात. तोटा असा की आता दोन्ही अर्ध्या सायकलला करंट जातो आणि रेझिस्टर दुप्पट तापतो: ४७ के वर सिरीज डायोड असताना ०.५६ वॅट, समांतर डायोडला १.१२ वॅट, म्हणजे २ वॅटचा लावावा लागतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. सिरीजचा ४००७ तसाच ठेवा आणि एलईडीवर १०० के समांतर लावा. आता डायोडचं ५ मायक्रोअँप लीकेज १०० के मधून गेलं तर अर्धा व्होल्ट होतो, बास, एलईडीवर त्याहून जास्त येऊच शकत नाही, आणि सगळं व्होल्टेज ४००७ वर, जिथे यायला हवं तिथे. दहा पैशाचा रेझिस्टर.

डास मारायच्या बॅटमध्ये तर दीड-दोन हजार व्होल्ट असतात आणि आत साधे डायोडच दिसतात, ते कसे टिकतात?

कारण ते नुसते सिरीजला नाहीत, तो मल्टिप्लायर आहे, म्हणजे डायोड-कपॅसिटरचे टप्पे जोडून व्होल्टेज वाढवणारं सर्किट. प्रत्येक टप्प्यावर कपॅसिटर आहे, आणि कुठल्याही एका डायोडवर जास्तीत जास्त इनपुटच्या पीकच्या दुप्पट व्होल्टेज येतं, मग आउटपुट कितीही असो. म्हणजे वाटणी नशिबावर सोडलेली नाही, कपॅसिटरने बांधून दिलीय. हेच सर्किट मोठं करून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये लिथियमचा अणू फोडला आणि १९५१ मध्ये नोबेल घेतलं. डास मारताना आठवत जा.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा डायोड दोन्ही बाजूंनी ओपन दाखवतोय, खराब आहे का?

बहुतेक नाही. तो दिसायला एक डायोड, पण आत कितीतरी सिलिकॉनच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, एचव्हीएम१२ सारख्याचं रेटिंग १२ किलोव्होल्ट. सगळ्यांचा सरळ ड्रॉप मिळून काही व्होल्ट होतो आणि मल्टीमीटरच्या डायोड रेंजला तेवढं व्होल्टेजच नसतं. ९ व्होल्टची बॅटरी, डायोड आणि मीटर डीसी व्होल्टवर, असं सिरीजला लावून बघा: एका बाजूने काही व्होल्ट दिसले आणि उलट्या बाजूने शून्य, तर चांगला. जुना काट्याचा मीटर असेल तर त्याच्या गुणिले १० के रेंजवरही कळतं.

आणि हे सगळं डायोड बाहेर काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून. या ओव्हनचा कपॅसिटर माणूस मारतो, दुसरी संधी देत नाही. ज्याला याची सवय नाही त्याने झाकण उघडूच नये.

झेनर सिरीजला लावले तर?

छान बेरीज होते, कारण झेनरचं कामच ब्रेकडाउनमध्ये राहायचं आहे. १२ आणि १५ लावा, २७ मिळतात. फक्त करंट एकच असल्याने वॅट व्होल्टेजच्या प्रमाणात वाटले जातात, १५ वाला जास्त तापतो.

शॉटकी डायोडचं लीकेज तर खूपच असतं, ते सिरीजला लावू की नको?

१एन५८१९ ला ४० व्होल्टवर १ मिलिअँपपर्यंत लीकेज असू शकतं आणि १०० डिग्रीला १० मिलिअँप. म्हणून आधी ते ५ मायक्रोअँपवाले हिशोब विसरा, रेझिस्टर फार लहान लागेल आणि तोच तापेल. पण यात एक बरं आहे. सिरीजमध्ये जो जास्त तापतो त्याचं लीकेज वाढतं, मग त्याच्यावरचं व्होल्टेज कमी होतं, मग तो थंड होतो. पॅरललमध्ये गरम होणारा आणखी गरम होत जातो, सिरीजमध्ये तो आपला भार शेजाऱ्यावर टाकून मोकळा. भार पडतो थंड डायोडवर, त्यामुळे सगळे एकाच हीटसिंकवर चिकटून बसवा.

ट्रान्झिस्टरला व्हीसीईओ, व्हीसीबीओ, व्हीईबीओ असे तीन आकडे का? कुठला धरायचा?

तीन वेगळ्या जोड्या आहेत म्हणून. २एन३०५५ बघा: कलेक्टर-एमिटर ६० व्होल्ट बेस मोकळा असताना, कलेक्टर-बेस १०० व्होल्ट, आणि एमिटर-बेस फक्त ७. बेस मोकळा असताना कलेक्टरचं लीकेज बेसमधून आत जातं आणि ट्रान्झिस्टर स्वतःच ते मोठं करतो, म्हणून कलेक्टरच्या दोन आकड्यांत तो पडका. त्याच २एन३०५५ मध्ये बेस-एमिटरवर १०० ओहम लावला की ६० चे ७० होतात. १३००७ चं ४०० आणि ७०० किंवा टीव्हीतल्या बीयू५०८ए चं ७०० आणि १५००, दोन आकडे दिसतात त्याचं कारण हेच, मोठा आकडा बेस नीट बंद धरलेला असतानाचा. दुकानदार मोठा आकडा सांगतो. डिझाइन करताना लहान धरा, बेस कसा बांधलाय याची खात्री असेल तरच मोठ्याकडे जा.

बीसी५४७ ट्रान्झिस्टरचं लुकलुकणारं सर्किट (अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर) १२ व्होल्टवर चालवला तर वेळ चुकतो, का?

कारण बेस-एमिटर जंक्शन उलटं फुटतंय. एक ट्रान्झिस्टर चालू झाला की त्याचा कलेक्टर १२ वरून शून्याजवळ येतो, आणि कपॅसिटरमधून तोच धक्का दुसऱ्याच्या बेसला बसतो, बेस जातो उणे ११ ला. बीसी५४७ ला उलटे ६ व्होल्ट चालतात. ७-९ च्या आसपास जंक्शन ब्रेकडाउनला जातं, कपॅसिटर तिथेच रिकामा होतो, आणि ब्लिंकिंग हिशोबापेक्षा जलद होतं. लगेच मरत नाही म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पण असं वारंवार झालं की गेन, म्हणजे करंट मोठा करायची ताकद, कमी होत जातो आणि तो परत येत नाही. मुलांच्या प्रोजेक्टची किट १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून "महिन्याभरात बिघडलं" म्हणणारे याच कारणाने येतात.

उपाय म्हणजे प्रत्येक एमिटरला सिरीजमध्ये १एन४१४८, कॅथोड ग्राउंडला. आता उलट्या दिशेला बेस-एमिटर आणि डायोड दोघं सिरीजला आले, आणि परत तोच प्रश्न, व्होल्टेज कोणावर येणार? एलईडीसारखंच करा, बेस-एमिटरवर १०० के लावा, सगळं डायोडकडे जाईल. ते नाही लावलं तरी जंक्शनमधून जाणारा करंट नॅनोअँपचा, त्याने गेन मरत नाही.

कलेक्टर-एमिटर उलटे जोडले तर ट्रान्झिस्टर किती व्होल्ट अडवेल?

जवळजवळ काहीच नाही. उलटं जोडलं की कलेक्टर-बेस सरळ होतो आणि सगळं त्या ६-७ व्होल्टच्या एमिटर-बेसवर येतं. टीआयपी१२२ सारख्या डार्लिंग्टनमध्ये तर आत डायोडच आहे, तो सरळ वाहतो. मॉसफेटचंही तेच, त्याच्या आत बॉडी डायोड असतोच. साधा आयजीबीटी (मोठ्या व्होल्टेजचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) पुढून १२०० व्होल्ट अडवतो पण मागून फार तर वीसेक व्होल्ट, आणि इंडक्शन शेगडीतल्या एच२०आर१२०३ मध्ये उलटा डायोड आतच बसवलेला असतो. उलट्या व्होल्टेजची शक्यता असेल तर सिरीजला डायोड लावा, किंवा दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडा.

मग दोन १३००७ सिरीजला लावून ८०० व्होल्टचा स्विच होईल का?

लिनिअर सर्किट असेल, म्हणजे रेग्युलेटरसारखं, तर होतो आणि चांगला होतो. इनपुट ते आउटपुट असे दोन सारखे रेझिस्टर लावा आणि मधला बिंदू वरच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या. मग वरच्याचा एमिटर आपोआप अर्ध्या व्होल्टेजवर बसतो आणि दोघांना निम्मं निम्मं.

स्विचिंगमध्ये नाही, निदान घरी बनवताना तरी नाही. दोन ट्रान्झिस्टर कधीच एका क्षणी बंद होत नाहीत. समजा व्होल्टेज मायक्रोसेकंदाला १० किलोव्होल्टने चढतंय, मॉसफेटला हे सहज होतं, आणि दोघांत २० नॅनोसेकंदांचा फरक आहे, तर आधी बंद होणाऱ्यावर २०० व्होल्ट जास्तीचे. परत तेच, चपळ असतो त्याचाच बळी. बायपोलरमध्ये (१३००७ सारख्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये) तर स्टोरेज टाइमचा, म्हणजे बंद व्हायला लागणाऱ्या वेळाचा, फरकच मायक्रोसेकंदांत असू शकतो.

व्यवहारी लोक वाटणीच्या भानगडीत पडत नाहीत, ते क्लॅम्प करतात. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये किंवा सीएफएलमध्ये दोन ट्रान्झिस्टर एकावर एक दिसतात ना, १३००७ नाहीतर १३००३, तो हाफ ब्रिज आहे. तिथे डायोड व्होल्टेजला सप्लायच्या वर चढूच देत नाहीत, म्हणून ३२५ व्होल्टच्या सप्लायवर ४०० चा ट्रान्झिस्टर पुरतो. टू-स्विच फॉरवर्डमध्येही तसंच, दोन स्विच, दोन क्लॅम्प डायोड, कोणावरही सप्लायपेक्षा जास्त नाही.

एवढी भानगड आहे तर मोठ्या ठिकाणी हजारो व्होल्टला काय करतात?

सिरीजलाच लावतात! चंद्रपूर ते पडघे ही एचव्हीडीसी (हाय व्होल्टेज डीसी) लाईन घ्या, ७५२ किलोमीटर, उणे-अधिक ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट. थायरिस्टर एकेक काही किलोव्होल्टचा, म्हणजे एका व्हॉल्व्हमध्ये (तिथल्या मोठ्या स्विचला हेच म्हणतात) त्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येकाला स्वतःचे रेझिस्टर, स्वतःचे कपॅसिटर-रेझिस्टर, आणि अशा व्हॉल्व्हना फायरिंग ऑप्टिकल फायबरने, म्हणजे सगळे एकाच क्षणी चालू. शिवाय गरजेपेक्षा काही जास्तीचे लावून ठेवतात, कारण असा दाबून बसवलेला थायरिस्टर मेला की शॉर्ट होतो, ओपन नाही, त्यामुळे बाकीचे भार उचलतात आणि मेलेला पुढच्या मेंटेनन्सला बदलतात.

लांब साखळीत जमिनीकडची स्ट्रे कपॅसिटन्सही (न लावता आपोआप तयार झालेली) त्रास देते, स्पाइक आला की हाय व्होल्टेजच्या टोकाचे जास्त सोसतात. डिप्लोमाला स्ट्रिंग एफिशिअन्सी शिकलात ना, टॉवरवरच्या चकत्यांच्या माळेत तारेजवळच्या चकतीवर सगळ्यात जास्त व्होल्टेज येतं, तेच हे.

साखळीतला एकच डायोड शॉर्ट झालाय, तेवढाच बदलू का?

एक शॉर्ट झाला त्या दिवसापासून त्याचे व्होल्ट बाकीच्यांनी उचललेत, म्हणजे तेही ताणलेले आहेत. १एन४००७ ची साखळी असेल तर सगळे बदला, एकाच रिळातले, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पट्टीच घेतलीत तर काही फार पैसे जात नाहीत. महाग डायोड असतील तर उरलेले मेगरवर बघून ठेवा. रेझिस्टर आणि कपॅसिटरही तपासा, बऱ्याचदा आधी रेझिस्टर ओपन झालेला असतो आणि डायोड नंतर गेलेला. आणि कोकणात असाल तर बोर्ड आधी ब्रशने, स्पिरिटने साफ करून वाळवा, पावसाळ्यात २ किलोव्होल्टच्या दोन टोकांमध्ये बसलेली ओली धूळ कुठल्याही डायोडपेक्षा जास्त गळते.